युरोपला बोल्ट, फ्लँज, फोर्जिंग पाठवताय? सीबॅमचा हिशेब पायरीपायरीने

भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसींतून युरोपला बोल्ट, फ्लँज आणि पाइप फिटिंग पाठवणाऱ्या कारखान्यांना २०२३ च्या अखेरीपासून ग्राहकांकडून एक एक्सेल फाइल येऊ लागली. ‘भरून पाठवा’, एवढेच सोबतच्या मेलमध्ये असायचे. अनेकांनी ती अंदाजाने भरली आणि ते चालूनही गेले. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत फक्त माहिती द्यायची होती, पैसे भरायचे नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून त्याच आकड्यांवर पैसे लागतात.

नियमाचे नाव कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम, बोलीत सीबॅम. युरोपातल्या पोलाद कारखान्याला धुराड्यातून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक टनाचा हिशेब परवान्यांनी (एक परवाना म्हणजे एक टन सोडायची मुभा) चुकता करावा लागतो. बाहेरून येणाऱ्या मालावरही तेवढाच भार पडावा, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियमन २०२३/९५६ केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमन २०२५/२०८३ ने त्यात मोठी दुरुस्ती केली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज हे त्यातले विभाग. या लेखात पोलादापासून पुढचा माल करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्याचाच विचार केला आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

पैसे युरोपातला आयातदार भरतो, तुम्ही नाही. पण पुढच्या ऑर्डरच्या दरात तो ते धरणारच. तुमचा आकडा जितका कमी आणि जितका पक्का, तितकी तुमची बोलणी भक्कम.

पायरी १: माल यादीत आहे का, ते आधी पाहा

निर्णय मालाच्या नावावर होत नाही, युरोपच्या कस्टमच्या आठ अंकी सीएन कोडवर होतो. आपल्या शिपिंग बिलावरचा कोडही आठ अंकीच असतो, पण दोघांचे फक्त पहिले सहा अंक जुळतात. शेवटचे दोन अंक ग्राहकाच्या आयात कागदावरून घ्यावेत. आपला कोड जसाच्या तसा टाकल्यामुळे फाइल परत येणे ही नेहमीची गोष्ट आहे.

प्रकरण ७२ जवळजवळ सगळे यादीत आहे (भंगार आणि काही फेरोअलॉय सोडून). प्रकरण ७३ मधून रेल्वेचे रूळ, पाइप (७३०४ ते ७३०६), पाइप फिटिंग आणि फ्लँज (७३०७), बांधकामाचे सांगाडे (७३०८), टाक्या आणि डबे (७३०९ ते ७३११), नट-बोल्ट-स्क्रू (७३१८) आणि ७३२६ मधल्या इतर वस्तू आहेत. नुसती ठोकलेली, मशिनिंग न झालेली बरीचशी फोर्जिंग ७३२६ मध्येच येतात.

आता यादीत काय नाही, तेही पाहा. कास्टिंगचा ७३२५ नाही, म्हणजे कोल्हापूरच्या पुष्कळ फाउंड्रींचा माल आज बाहेर आहे. स्प्रिंगांचा ७३२० नाही, साखळ्यांचा ७३१५ नाही, व्हॉल्व्हचा ८४८१ नाही आणि गाडीच्या सुट्या भागांचा ८७०८ सुद्धा नाही. तेच फोर्जिंग पूर्ण मशिनिंग करून गाडीचा भाग म्हणून गेले तर सीबॅम लागत नाही, कच्चे गेले तर लागतो. म्हणून सोयीचा कोड लावायचा मोह होतो. तो टाळा. वर्गीकरण युरोपचे कस्टम ठरवते आणि चूक निघाली तर ग्राहक हातचा जातो. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-ॲल्युमिनियम जास्त असलेल्या सुमारे १८० तयार वस्तू २०२८ पासून यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. आज बाहेर असलेल्यांनीही नोंदी आतापासूनच ठेवायला हव्यात.

पायरी २: ग्राहक ५० टनांच्या आत आहे का

२०२५ च्या दुरुस्तीने एका आयातदाराला एका कॅलेंडर वर्षात ५० टनांपर्यंत सूट दिली. इथे गफलत अशी होते: ‘आम्ही तर १२ टनच पाठवतो, आम्हाला काय?’ मर्यादा तुमच्या मालाची नाही, त्या आयातदाराची आहे. त्याने वर्षभरात सगळ्या देशांतून आणलेले सीबॅम यादीतले पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असे सगळे वजन एकत्र धरायचे. बोल्टचा एक वीस फुटी कंटेनर सहज वीस टनांच्या पुढे जातो, म्हणजे दोन-तीन कंटेनरांतच मर्यादा संपते. ती ओलांडली की वर्षातला पहिल्या किलोपासूनचा सगळा माल हिशेबात येतो.

ग्राहकाला दोनच प्रश्न लेखी विचारा: या वर्षी तुमचे वजन ५० टनांवर जाणार का? तुम्हाला ‘अधिकृत सीबॅम घोषणाकर्ता’ ही परवानगी मिळाली आहे का? ही परवानगी नसताना मर्यादेबाहेरचा माल आणणाऱ्याला नेहमीच्या दंडाच्या तीन ते पाच पट दंड आहे, आणि असा ग्राहक तुमचे पैसेही अडकवू शकतो.

डीडीपी अटीवर, म्हणजे ग्राहकाच्या दारात कर भरून माल देणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. त्या व्यवहारात आयातदार तुम्हीच ठरू शकता. युरोपात तुमची कंपनी नसेल तर तिथल्या अप्रत्यक्ष कस्टम प्रतिनिधीला घोषणाकर्ता व्हावे लागते आणि तो सगळी जोखीम तुमच्याकडून वसूल करतो. शक्य असेल तर एफओबी किंवा सीआयएफवर या, म्हणजे आयातदार ग्राहकच राहतो.

पायरी ३: हिशेबाची हद्द आखा

कागदावर कारखान्याचा साधा नकाशा काढा. कच्चा माल कुठून आत येतो, कुठली भट्टी कशावर चालते, तयार माल आणि भंगार कुठून बाहेर जाते, एवढे त्यात दिसले की पुरे. प्रत्येक मीटर आणि प्रत्येक वजनकाटा त्यावर खुणेने दाखवा. पुढे पडताळणी करणारा पहिल्यांदा हाच नकाशा मागतो.

हिशेबाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपली पुस्तके एप्रिल ते मार्च चालतात, त्यामुळे नेमकी इथेच गडबड होते. ३१ डिसेंबरला संध्याकाळी रॉड, चालू काम आणि तयार माल यांची प्रत्यक्ष मोजणी करून सहीशिक्क्याचा कागद ठेवावा. टॅलीत नंतर मागच्या तारखेने काढलेला साठा आणि गोदामातला खरा साठा जुळला नाही तर वर्षभराचा वापरच संशयात येतो. वापर म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. नुसती खरेदीची बिले जोडून वापर काढू नका.

हद्दीतून काय वगळायचे, तेही नीट लक्षात घ्या. आवारातली डिझेल फोर्कलिफ्ट आणि टेम्पो धरत नाहीत. पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात, विजेचे नाही. त्यामुळे महावितरणची वीज हिशेबात येत नाही आणि जनरेटरचे डिझेलही, ते विजेसाठीच जळत असल्याने, बोल्टच्या खात्यावर पडत नाही. म्हणूनच छतावर सौर पॅनेल बसवून आजच्या नियमात सीबॅमचा एक युरोही वाचत नाही. विजेच्या बिलासाठी पॅनेल जरूर बसवा, पण ‘कार्बन कमी होईल’ म्हणून कोणी विकत असेल तर हा नियम त्याच्यासमोर ठेवा.

पायरी ४: पोलादाचा आकडा मिळवा. खरे काम हेच आहे

रॉड ओढून, ठोकून, कडक करून बोल्ट करणाऱ्या कारखान्यात एकूण उत्सर्जनाचा बहुतेक भाग बाहेरून आलेल्या रॉडमध्येच असतो. तुमची भट्टी त्यात किरकोळ आहे. २०२५ च्या दुरुस्तीने तर पोलाद-ॲल्युमिनियमच्या काही पुढच्या वस्तूंसाठी कारखान्यातल्या शेवटच्या प्रक्रियांचे उत्सर्जन हद्दीबाहेरच काढले, कारण युरोपातही अशा कारखान्यांवर परवान्यांचा भार नसतो. तुमच्या सीएन कोडला हे लागू आहे का, ते नियमाच्या परिशिष्टात तपासा. लागू असो वा नसो, भट्टीचा गॅस मोजण्यात आठ दिवस आणि रॉडच्या माहितीसाठी एक फोन, असे कामाचे वाटप उलटे आहे.

पोलाद मिलकडून मागायचे ते असे: ज्या प्रकल्पात पोलाद वितळले त्याचे नाव, पत्ता, अक्षांश-रेखांश. उत्पादनाचा मार्ग, म्हणजे ब्लास्ट फर्नेस की विजेची भट्टी. हिशेबाचे वर्ष. दर टन मालामागचे थेट उत्सर्जन. आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्या आकड्याचा पडताळणी अहवाल.

मिल बहुधा दुसरेच काहीतरी पाठवते. पर्यावरणीय उत्पादन घोषणा, म्हणजे ईपीडी, हा चांगला कागद आहे, पण त्याची हद्द खाणीपासून सुरू होते आणि त्यात वीजही असते. तो आकडा सीबॅममध्ये चालत नाही. आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली: पोलादाच्या टनामागे उत्सर्जन २.२ टनांच्या खाली, आणि त्यातही १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. हे तारे मिल निवडताना उपयोगी आहेत, पण सीबॅमचा कागद म्हणून नाही.

माल लोखंड बाजारातल्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर अडचण वाढते. व्यापाऱ्याच्या बिलावर मिलचे नाव नसते आणि एकाच गाडीत दोन मिलचे कॉइल असतात. उपाय एकच. प्रत्येक कॉइलवरचा पत्र्याचा टॅग कापण्याआधी त्याचा फोटो घ्या, त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या एका घाण्याचा क्रमांक) मिल टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा आणि आवक नोंदीत तो हीट नंबर, मिल आणि वजन लिहा. रॉड पिकलिंगच्या, म्हणजे आम्लाने साफ करायच्या टाकीत गेला की टॅग गेला आणि मागही गेला. रशियन लोखंडावरच्या निर्बंधांमुळे युरोपचे ग्राहक सप्टेंबर २०२३ पासून अशी सर्टिफिकेटे मागतातच. तीच फाइल इथे कामी येते, दुसरी करायला नको.

‘विजेच्या भट्टीचे पोलाद म्हणजे कमी कार्बन’ हे आपल्याकडे नेहमीच खरे नसते. भट्टीत भंगार टाकले तर आकडा खूपच खाली येतो, कारण भंगारावर सध्या शून्य उत्सर्जन धरतात. पण जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगारासोबत स्पंज आयर्नही पडते. कोळशावर केलेल्या स्पंज आयर्नचे उत्सर्जन मोठे असते आणि ते सगळे पोलादाच्या खात्यावर येते. मिलला भट्टीचा प्रकार विचारलात तर सोबत चार्जमधले, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालातले भंगार आणि स्पंज आयर्न यांचे प्रमाणही विचारा.

मिलने पडताळलेला आकडा दिलाच नाही तर त्या रॉडसाठी युरोपीय आयोगाचा देशनिहाय ठरीव आकडा वापरायचा. तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे. वर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ. पहिल्या वर्षी ठरीव आकड्यावर भागेल असे वाटले तरी तिसऱ्या वर्षी तो परवडणार नाही. मिलशी बोलणे आजच सुरू करायचे ते यासाठी.

पायरी ५: स्वतःचे इंधन मोजा

तुमच्या प्रक्रियेचे उत्सर्जन हद्दीत येत असेल तर हा भाग सोपा आहे, फक्त एकके सांभाळायची.

पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या बिलावर उष्मांक ‘ग्रॉस’ असतो, सीबॅमला ‘नेट’ लागतो. नैसर्गिक वायूत नेट म्हणजे ग्रॉसच्या सुमारे ९० टक्के. बिलावर दर घनमीटरला ९,३५० किलोकॅलरी असेल तर ९,३५० × ४.१८६८ = सुमारे ३९.१५ मेगाज्यूल, त्याचे ९० टक्के ३५.२ मेगाज्यूल. दर गिगाज्यूलला ५६.१ किलो या प्रमाणित गुणकाने एका घनमीटरमागे सुमारे १.९८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ग्रॉस तसाच धरला तर आकडा दहा-अकरा टक्क्यांनी फुगतो आणि तेवढा दंड तुम्ही स्वतःलाच करून घेता.

एलपीजीला नेट उष्मांक दर किलोला ४७.३ मेगाज्यूल, गुणक ६३.१. म्हणजे १९ किलोच्या एका व्यावसायिक सिलिंडरमागे सुमारे ५६.७ किलो. डिझेलच्या भट्टीला दर लिटरमागे सुमारे २.७ किलो. फर्नेस ऑइलला नेट उष्मांक ४०.४, गुणक ७७.४, म्हणजे दर किलोला ३.१३ किलो. सिलिंडर मोजताना परत गेलेल्या सिलिंडरांत उरलेला गॅस वजा करायला विसरतात. महिन्याच्या शेवटी काट्यावर ठेवून नोंद घ्या.

कँटीनचा गॅस वेगळ्या मीटरवर किंवा वेगळ्या नोंदीत ठेवा. आणि हीट ट्रीटमेंट बाहेर जॉबवर्कला जात असेल तर तिथला गॅसही प्रश्नात येतो. जॉबवर्कवाल्याकडून दर टनामागचा गॅस आणि त्याची बिले लेखी घ्यायचे कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा. वर्षअखेरीस मागितले तर कोणी देत नाही.

पायरी ६: एका कारखान्याचे उदाहरण

वर्षभरात विकण्याजोगे बोल्ट १,००० टन. त्यासाठी रॉड वापरला १,१२० टन. १२० टन टोके, बर आणि रिजेक्शन भंगारात गेले. मिलचा पडताळलेला आकडा टनाला २.४० टन कार्बन डायऑक्साइड. गॅस ६०,००० घनमीटर.

रॉडमधले उत्सर्जन: १,१२० × २.४० = २,६८८ टन. भट्टीचे: ६०,००० × १.९८ किलो = सुमारे ११९ टन. एकूण २,८०७ टन, म्हणजे बोल्टच्या टनाला २.८१ टन. भट्टी हद्दीबाहेर असेल तर २.६९.

इथे २.४० चे २.६९ झाले ते कशाने? भंगाराने. बाहेर गेलेल्या भंगाराबरोबर उत्सर्जन जात नाही, वाया गेलेल्या १२० टनांचा सगळा भार चांगल्या बोल्टवर बसतो. रॉडचा वापर १,१२० वरून १,०६० टनांवर आणला तर टनाला ०.१४ कमी होतात, म्हणजे सगळी भट्टी बंद केल्याने जेवढे कमी झाले असते त्याहून जास्त. डायची देखभाल आणि टोकांची लांबी या आता कार्बनच्याही गोष्टी झाल्या.

त्याच कारखान्याने ४०० टन रॉड भंगारावर चालणाऱ्या मिलकडून ०.५५ च्या आकड्याने घेतला तर रॉडचे उत्सर्जन ७२० × २.४० अधिक ४०० × ०.५५ = १,९४८ टन, आणि बोल्टचा आकडा २.०७. मात्र ‘तो रॉड युरोपला आणि हा देशात’ असे नुसते कागदावर वाटता येत नाही. कुठल्या हीटचा रॉड कुठल्या लॉटमध्ये गेला याचा माग प्रत्यक्ष नोंदीत नसेल तर सगळ्यांची भारित सरासरीच धरावी लागते.

पायरी ७: ग्राहकाला किती पडेल, ते स्वतः काढा

इथे एक अर्धवट माहिती फार पसरली आहे: ‘२०२६ ला फक्त अडीच टक्केच भरायचे आहेत.’ ते बरोबर नाही, आणि या चुकीवर दर ठरवून काही जण अडचणीत येतील.

युरोपातल्या कारखान्यांना काही परवाने फुकट मिळतात, ठरावीक बेंचमार्कच्या, म्हणजे मालाच्या टनामागे ठरवून दिलेल्या उत्सर्जनाच्या प्रमाणात. ते २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होणार. आयात मालालाही तेवढी वजावट मिळते. वजावट बेंचमार्कची आहे, तुमच्या उत्सर्जनाची नाही. २०२६ ला बेंचमार्कच्या ९७.५ टक्के, २०२७ ला ९५, २०२८ ला ९०, २०२९ ला ७७.५, २०३० ला ५१.५, मग २०३१ पासून ३९, २६.५, १४ आणि २०३४ ला शून्य.

समजा तुमचा आकडा २.८१, बेंचमार्क १.५० आणि परवान्याचा भाव ७५ युरो (बेंचमार्क आणि भाव दोन्ही फक्त समजण्यासाठी धरलेले). २०२६ ला वजावट १.५० × ०.९७५ = १.४६. उरले १.३५ टन, म्हणजे टनाला सुमारे १०१ युरो. ‘अडीच टक्के’ धरले असते तर पाच युरो आले असते. २०३० ला हेच १५३ युरो होतात आणि २०३४ ला २११. बेंचमार्कच्या आत असलेल्याला पहिली वर्षे जवळजवळ फुकट जातात. वर असलेल्याला पहिल्या दिवसापासून फरकाचे पूर्ण पैसे पडतात.

प्रत्यक्ष आकडे देणाऱ्यांचा बेंचमार्क उत्पादनाच्या मार्गानुसार बदलतो. भंगार-विजेच्या मार्गाचा बेंचमार्क ब्लास्ट फर्नेसच्या मार्गापेक्षा बराच खाली आहे. म्हणून कमी कार्बनचा रॉड घेतला की खर्च त्याच प्रमाणात उतरतो असे नाही. दोन्ही मिलचा हिशेब आपापल्या बेंचमार्कने करून मगच रॉडच्या दरातला फरक त्याच्याशी ताडून पाहा.

भारतात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर ती वजा मिळते, पण पुराव्यासह. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. त्याखाली तुमच्या मिलने प्रत्यक्ष पैसे मोजले असतील तरच तो मुद्दा येतो. डिझेलवरचा कर किंवा जीएसटी यात बसत नाही. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, पण त्यातूनही सीबॅममधून सूट मिळालेली नाही. सीमाशुल्क घटेल म्हणून कार्बनचा हिशेब सोडू नका.

पायरी ८: पडताळणी आणि नोंदणी

प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर ते पडताळलेलेच हवेत. पडताळणी करणारी संस्था युरोपीय सदस्य देशाच्या मान्यता मंडळाने मान्य केलेली असली पाहिजे. तुमचे आयएसओ प्रमाणपत्र देणारी संस्था ओळखीची असली तरी तिच्याकडे ही मान्यता आहे का, ते कागदावर पाहा. पहिल्या वर्षी ती कारखान्यात येऊन प्रत्यक्ष पाहणी करते.

पाहणीत काय अडते? वजनकाट्याचा वैधमापनचा शिक्का संपलेला असतो. गॅस मीटरच्या रीडिंगची वही मधले दोन महिने कोरी असते. रॉडची आवक, बोल्टची विक्री आणि भंगाराची विक्री यांची बेरीज जुळत नाही, कारण भंगार रोखीत, अंदाजे वजनाने गेलेले असते. एकूण आकड्यात पाच टक्क्यांची चूक गंभीर मानतात, आणि रॉडच्या ७-८ टक्के वजनाचे भंगार नोंदीबाहेर गेले तर ती मर्यादा तिथेच ओलांडली जाऊ शकते. भंगाराची प्रत्येक गाडी काट्यावर चढवून, पावती घेऊनच बाहेर सोडा.

युरोपीय आयोगाच्या सीबॅम नोंदवहीत कारखानदार स्वतःची नोंदणी करू शकतो. ती पाच वर्षे टिकते. याचा मोठा फायदा असा की पडताळलेला आकडा एकदाच टाकायचा आणि हव्या त्या ग्राहकांना तेवढाच दाखवायचा. रॉड कुठल्या मिलचा, कुठल्या भावाचा, तुमचा वाया जाणारा माल किती, हे ग्राहकाला कळायची गरज नाही. एक्सेल फाइल थेट पाठवणारे आपली सगळी खरेदी-साखळी खरेदीदाराच्या हातात देतात, आणि पुढच्या वर्षीच्या दराच्या बैठकीत ती त्यांच्यासमोरच येते. नोंदणी केल्यावर हिशेबाचे कागद पडताळणीनंतर चार वर्षे जपायचे आहेत.

पडताळणीचा खर्च परवडतो का? सोपी कसोटी: ठरीव आकड्याने ग्राहकाला टनाला किती युरो पडतात आणि तुमच्या खऱ्या आकड्याने किती, हा फरक वर्षाच्या टनांनी गुणा आणि दोन-तीन संस्थांच्या कोटेशनशी ताडा. वर्षाला ४०-५० टनच जात असतील तर कदाचित ठरीव आकडाच स्वस्त पडेल. दोनशे-तीनशे टनांच्या पुढे हिशेब झपाट्याने पालटतो, आणि ठरीव आकड्यावरची वाढ दरवर्षी चढत असल्याने तो तुमच्या बाजूने आणखी झुकतो.

पायरी ९: ऑर्डरमध्ये लिहून घ्या

आयातदार पैसे भरतो ते सीबॅम प्रमाणपत्रे विकत घेऊन, एका टन उत्सर्जनामागे एक. २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रे १ फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळतात आणि ग्राहकाला घोषणा ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत करायची आहे. म्हणजे आज गेलेल्या मालाचा नेमका खर्च ग्राहकाला वर्ष-दीड वर्षाने कळतो. मधल्या काळात तो घाबरून जास्तीचे पैसे कापून ठेवतो. त्यावर ऑर्डरमध्ये तीन ओळी असाव्यात: आकडा कुठला धरला (ठरीव की पडताळलेला), परवान्याचा भाव कुठल्या तिमाहीचा (२०२६ च्या मालाला त्या-त्या तिमाहीचा सरासरी भाव लागतो), आणि पडताळलेला आकडा आल्यावर कापलेल्या पैशांतला फरक कधी परत मिळणार. ‘सीबॅमचा सर्व खर्च पुरवठादाराचा’ असे कोरे वाक्य आले तर सही करू नका. त्यात ग्राहकाने उशीर केल्याचा दंडही तुमच्या गळ्यात येतो. न दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे तो मुळात १०० युरोंचा आहे आणि महागाईप्रमाणे वाढतो, आणि प्रमाणपत्र वेगळे घ्यावेच लागते.

कामाचा क्रम उलटा मोजा. ग्राहकाला सप्टेंबर २०२७ ला घोषणा करायची, म्हणजे तुमचा पडताळलेला आकडा त्याला जून-जुलैत हवा. त्याआधी पाहणी, त्याआधी मिलचा अहवाल, आणि जानेवारी २०२७ मध्ये तुमची वर्षाची बंद झालेली पुस्तके. पडताळणी संस्था मोजक्या आणि सगळ्या जगातले कारखाने त्याच महिन्यांत मागे लागणार, म्हणून तारीख आधीच पक्की करा. आणि ३१ डिसेंबर २०२६ हा गुरुवार आहे. साठा मोजायला त्या दिवशी दुसरी पाळी लवकर थांबवायची, हे डिस्पॅचच्या वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवा.